डाव्या पायाचें काम

२०२४ च्या श्रावणांत आमच्या घरच्या जुन्या मोटारगाडीला तिसरें पेडल बसलें. ही वार्ता ऐकून कोणाची झोंप उडेल असें नाहीं. मोटारीला तीन पेडलें असतात हें आपल्याकडे शाळेंतल्या पोरालाहि ठाऊक असतें. उजवीकडे वेगाचें, मध्यें ब्रेकचें आणि डावीकडे क्लचचें. परंतु आमची गाडी जन्मतःच दोन पेडलांची होती. गिअर बदलण्याचें काम तिच्या पोटांतलें यंत्र परस्पर उरकीत असे, आणि चालविणाराच्या डाव्या पायाला त्या गाडींत कांहींएक काम नसे. पंचवीस वर्षें ज्या पायाला काम नव्हतें त्याला एकाएकीं काम लावण्याचा हा प्रसंग होता, आणि तो लिहून ठेवावा असें वाटण्याचें कारण असें कीं, तो पाय आमचा नव्हता.

गाडी आमच्या थोरल्या बंधूंची, अण्णांची. अण्णांचा जन्म १९४८ चा. अडीच वर्षांचे असतांना त्यांना ताप आला, आणि ताप गेला तो डाव्या पायांतली शक्ति घेऊन गेला. पोलिओची पहिली लस लोकांना मिळूं लागली ती १९५५ सालीं. अण्णांच्या वांट्याला ती यावयाची नव्हती. पुढें जन्मभर त्यांच्या डाव्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा आणि चामड्याचा कॅलिपर असे. जिन्यावर त्याचा आवाज आला कीं आम्हां धाकट्या भावंडांनीं पत्त्यांचा डाव मोडून पुस्तकें उघडावीं, असा आमच्या घरचा अनेक वर्षांचा शिरस्ता होता. अण्णा गणिताचे शिक्षक. आपल्या पायाविषयीं ते सहसा बोलत नसत, आणि दुसऱ्या कोणीं बोललेलें त्यांना खपतहि नसे. पन्नाशी उलटल्यावर, १९९९ सालीं, त्यांनीं कर्ज काढून ही गाडी घेतली. त्या काळीं आपल्याकडे स्वयंचलित गिअरच्या लहान गाड्या इतक्या विरळा होत्या कीं, विक्रेत्याला ती मागवून देण्यास तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांत अण्णांनीं गाडीचें माहितीपुस्तक वाचून वाचून जवळजवळ पाठ केलें होतें.

गाडी घरीं आली त्या संध्याकाळीं त्यांनीं किल्ली आमच्या हातांत दिली. आम्हीं तोंवर मित्रांच्या फियाट आणि अँबॅसडर बऱ्याच हांकल्या होत्या. त्यामुळें आमच्या चेहऱ्यावर तज्ज्ञाचा आव होता. राजारामपुरींतल्या पहिल्याच वळणावर आमच्या डाव्या पायानें मालकाला न विचारतां क्लच शोधला. क्लच तेथें नव्हताच. होतें तें ब्रेकचें पेडल. स्वयंचलित गाडींत ब्रेकचें पेडल नेहमींपेक्षां बरेंच रुंद असतें, आणि चुकलेल्या पायाला तें हमखास सांपडतें. क्लच जितक्या जोरानें दाबावयाचा तितक्या जोरानें ब्रेक दाबला गेला म्हणजे काय होतें, तें ज्यांनीं अनुभवलें असेल त्यांनाच कळेल. गाडी जागच्या जागीं थिजली, अण्णांचा चष्मा उडून समोरच्या कांचेवर आदळला, आणि मागच्या सायकलवाल्यानें आमच्या कुळाचा उद्धार केला. अण्णांनीं चष्मा शोधून काढला, पुसला आणि शांतपणें म्हटलें, "तुझ्या डाव्या पायाला इथें काम नाहीं. माझ्यासारखें त्याला स्वस्थ बसायला शिकव." आपल्या पायाचा उल्लेख त्यांच्या तोंडून आम्हीं ऐकला तो तेवढाच.

यंत्रांची हौस नसलेल्या वाचकांसाठीं येथें थोडा खुलासा केला पाहिजे. पेट्रोलच्या एंजिनाला एक खोड असते. तें सुरू झालें कीं फिरतच राहिलें पाहिजे. थांबलें कीं मेलें. चाकांना तर क्षणोक्षणीं थांबावें लागतें. फिरत्या एंजिनाची आणि थांबलेल्या चाकांची गांठ घालावयाची कशी आणि सोडावयाची कशी, हा मोटारीच्या जन्मापासूनचा प्रश्न आहे. क्लच हें त्याचें एक उत्तर. एंजिनाच्या टोंकाला फ्लायव्हील नांवाचें जड चाक असतें. त्याच्या अंगाला खरखरीत अस्तराची एक तबकडी, आणि तिला मागून दाबून धरणारी स्प्रिंगची प्रेशर प्लेट. पेडल दाबलें कीं दाब सुटतो व तबकडी मोकळी होते. पेडल हळूहळू सोडलें कीं ती थोडी घसरत, थोडी धरत फ्लायव्हीलबरोबर फिरूं लागते. हा जो घसरण्याचा आणि धरण्याचा मधला क्षण, तो चालविणाराच्या डाव्या तळव्याला कळावा लागतो. गॅरेजांत त्याला 'हाफ क्लच' म्हणतात. माहितीपुस्तकें पाठ करून तो साधत नाहीं.

दुसरें उत्तर द्रवाचें. फ्योटिंगर नांवाच्या जर्मन एंजिनिअरानें १९०५ सालीं जहाजांसाठीं एका युक्तीचें पेटंट घेतलें. एंजिनानें द्रवांत एक पंखा फिरवावा, आणि त्या द्रवाच्या लोटानें समोरचा दुसरा पंखा फिरावा. दोघांचा एकमेकांस स्पर्श म्हणून नको. चाकें थांबलीं तर दुसरा पंखा थांबेल, पहिला खुशाल फिरत राहील. ह्याच तत्त्वावर अमेरिकेंत जनरल मोटर्सनें १९४० सालच्या ओल्ड्समोबिल गाड्यांतून 'हायड्रा-मॅटिक' गिअर विकावयास आणला, आणि क्लचचें पेडल सामान्य गिऱ्हाइकाच्या गाडींतून पहिल्यानें नाहींसें झालें.

आणि पेडलांचा क्रम तरी कोठें वेदांत सांगितला आहे? फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ पासून १९२७ पर्यंत निघत होती. तिलाहि पेडलें तीनच. पण डावें गिअरचें, मधलें गाडी मागें नेण्याचें आणि उजवें ब्रेकचें. वेग वाढवावयाचा तो सुकाणूजवळच्या लहानशा दांडीनें, हातानें. आजचा सराईत चालक त्या गाडींत बसला आणि थांबण्यासाठीं त्यानें संवयीप्रमाणें मधल्या पेडलावर पाय दिला, तर काय गोंधळ उडेल ह्याची कल्पनाच केलेली बरी. आजचा क्रम १९१६ च्या एका कॅडिलॅकमध्यें दिसला आणि १९२२ पासून इंग्लंडांतल्या लहानग्या ऑस्टिन सेव्हननें तो रूढ केला. शंभर वर्षांचा हा रिवाज, पण आपल्या पायांना तो प्रकृतिधर्म वाटूं लागला आहे. हा सारा इतिहास आम्हांला अण्णांकडूनच कळला. रिवाजाबाहेर राहिलेल्या माणसाचें रिवाजाकडे बारीक लक्ष असतें.

बावीस वर्षांहून अधिक काळ अण्णांनीं ती गाडी हांकली. आंबा घाटानें रत्नागिरीला, दर चैत्रांत ज्योतिबाला, एरवीं शाळेंत आणि बाजारांत. गाडींत बसण्याचा त्यांचा एक ठरलेला विधि होता. दाराकडे तोंड करून बसावयाचें, दोन्ही हातांनीं डावा पाय उचलून आंत ठेवावयाचा, मग उजवा. मग वहिनींनीं शेजारच्या आसनावरून वांकून कॅलिपरच्या बुटाची टांच सरळ करावयाची. ती टांच जेथें टेंकत असे तेथलें कार्पेट झिजून झिजून रुपयाएवढें भोंक पडलें होतें. २०२२ च्या पावसाळ्यांत अण्णा गेले. दिवस झाल्यावर वहिनींनीं किल्ली आमच्यापुढें ठेवली आणि म्हटलें, "उभी राहिली तर गंजेल."

आम्हीं ती दोन वर्षें वापरली. आमचा डावा पाय एव्हांना अण्णांच्या उपदेशाप्रमाणें स्वस्थ बसावयास शिकला होता. २०२४ च्या वैशाखांत पन्हाळ्याच्या चढावर एंजिन गरजूं लागलें आणि गाडी मात्र जागची हलेना. गिअरबॉक्सचें तांबडें तेल काळें पडलें होतें आणि त्याला करपल्याचा वास येत होता. तीन कारागिरांनीं पाहिलें व तिघांनीं मान हलविली. ह्या गाडीचें उत्पादन बंद होऊन बरींच वर्षें झालीं; साध्या गिअरचे सुटे भाग अजून मिळतात, पण ह्या गिअरबॉक्सच्या आंतल्या पट्ट्या आणि तबकड्या कोठेंच मिळत नाहींत. शिवाय १९९९ ची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपून पुढें दर पांच वर्षांनीं नवी करावी लागत असे, आणि तिची मुदत त्याच वर्षाच्या अखेरीस सरत होती. न चालणाऱ्या गाडीची फेरनोंदणी कोण करून देणार? पुण्याच्या पुतण्यानें फोनवर मत दिलें कीं, गाडी भंगारांत घालावी. तो हिशेबी मुलगा आहे, आणि हिशेबानें त्याचें म्हणणें खरें होतें.

तोड सुचविली ती उद्यमनगरांतल्या आमच्या ओळखीच्या एका मिस्त्रीनें. कोल्हापूरचें उद्यमनगर ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना तेथल्या माणसांचा स्वभाव सांगावयास नको. शेतीच्या पंपांची तेलाचीं एंजिनें ह्या गल्ल्यांतून घडलीं. बिघडलेली वस्तु टाकून द्यावयाची असते ही कल्पनाच तेथें फारशी रुजलेली नाहीं. मिस्त्री म्हणाला, "ह्याच गाड्या हाताच्या गिअरच्या रग्गड हैत की, साहेब. कुडी तीच, पोट तेवढं बदलायचं." आम्हीं त्याला सांगितलें कीं, अमेरिकेंत आणि युरोपांत कित्येक हौशी लोक चांगला चालणारा स्वयंचलित गिअर काढून टाकून हाताचा बसवून घेतात, कां, तर गाडी आपल्या हातापायांनीं चालविल्याचें सुख मिळावें म्हणून. त्यानें क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "पोट भरल्यावर सुचतंय असलं."

वहिनींना आम्हीं विचारलें, पण खरें सांगावयाचें तर अर्धवट विचारलें. गिअरबॉक्स बदलावा लागेल एवढेंच सांगितलें. "करा," त्या म्हणाल्या, "चालती राहिली म्हणजे झालें." बदलल्यावर त्या गाडीला तिसरें पेडल येईल, आणि मग ती अण्णांना चालवितां न येणाऱ्या दुसऱ्या कोणत्याहि गाडीसारखी होईल, हें आमच्या जिभेवर आलें आणि परत गेलें. गेलेल्या माणसाला आतां गाडी चालवावयाची नाहीं, हें आम्हांस कळत होतें. तरी ज्या एका वस्तूनें त्यांच्या पायाला दोष न देतां त्यांना जगांत हिंडविलें, तिच्यांत आपण तोच दोष नव्यानें बसवीत आहों, असें वाटल्यावांचून राहिना.

मध्यें सरकारी बाजू होती. गाडीची मूळ रचना बदलण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची आडकाठी येऊं शकते. म्हणून त्याच गाडीच्या हातगिअरी प्रकाराचे कागद जोडून आम्हीं आधीं अर्ज केला, विमा कंपनीलाहि कळविलें. ह्या अर्जाच्या प्रवासावर स्वतंत्र लेख होईल. येथें इतकेंच कीं, मंजुरी हातीं आली तेव्हां आषाढ अर्धा सरला होता.

सुटे भाग आले ते कुर्ल्याच्या भंगार बाजारांतून. मागून ट्रकनें धडक दिलेल्या एका तशाच गाडीचा पुढचा भाग शाबूत होता. तिचा गिअरबॉक्स, फ्लायव्हील, चाकांकडे जाणारे दोन दांडे, गिअरची दांडी आणि तिचे सांधे, आणि पेडलांचा आंकडा, असें सगळें गोणपाटांत बांधून ट्रान्सपोर्टनें आलें. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग मिस्त्रीनें नवींच घेतलीं. हीं जुनीं घालणें म्हणजे दोन महिन्यांनीं पुन्हा गिअरबॉक्स उतरविणें, असें तो म्हणाला. फ्लायव्हीलचा चेहरा चरे पडून खराब झाला होता. तो शेजारच्या लेथवर नेऊन अगदीं नखभर कातून आणला. पेडलें तेवढीं वेगळीं, एका जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेलीं होतीं. क्लचच्या पेडलाचें रबर कोणा अनोळखी माणसाच्या डाव्या पायानें झिजवून आरशासारखें गुळगुळीत केलें होतें.

एंजिनाकडचें काम चार दिवसांत झालें. जुन्या गाडींत फ्लायव्हीलच्या जागीं एक पातळ पत्र्याची चकती असते, कारण जड चाकाचें काम तेलानें भरलेला डबाच करतो. ती चकती गेली आणि जड फ्लायव्हील आलें. गिअरबॉक्सच्या दांड्याचें टोंक टेंकावयास त्याच्या मधोमध एक लहानसें बेअरिंग लागतें; तें मिस्त्रीनें सर्वांआधीं ठोकून बसविलें, आणि पोऱ्याला विचारलें, "हे इसरलो असतो तर?" पोऱ्या म्हणाला, "परत उतरवायला लागलं असतं." ह्या प्रश्नोत्तरांत त्या पोऱ्याचें शिक्षण चाललें होतें.

पेडलांच्या दिवशीं मात्र मिस्त्रीनें आम्हांला मुद्दाम बोलावून घेतलें. चालविणाराचें आसन काढून टाकलें होतें, आणि मिस्त्री उताणा होऊन डॅशबोर्डाखालीं शिरला होता; त्याचीं पावलें दाराबाहेर आणि आवाज गाडीच्या पोटांतून, असा देखावा होता. पेडलें ज्या लोखंडी आंकड्याला टांगलेलीं असतात तो सबंध बदलावा लागतो, कारण जुन्या आंकड्यावर ब्रेकपुरतीच जागा असते. सुकाणूच्या दांड्याचे खालचे बोल्ट सैल केले, ब्रेकच्या दांड्याची पिन ओढून काढली, आणि अर्ध्या तासाच्या खटपटीनंतर तें रुंद ब्रेकचें पेडल बाहेर आलें. मिस्त्रीनें तें आमच्या हातांत दिलें. त्याच्या रबरावर उभ्या रेघा होत्या. डाव्या अर्ध्या भागावरच्या रेघा जवळजवळ कोऱ्या होत्या. उजवा अर्धा भाग झिजून सपाट झाला होता. दोन पायांसाठीं केलेलें पेडल एका पायानें वापरलें होतें, त्याचा तो हिशेब होता.

मग आंतून हांक आली, "साहेब, हे बघा." आम्ही गुडघ्यांवर वांकलों. बैठक आणि एंजिन ह्यांच्यामधल्या पत्र्यांत, जेथून क्लचची वायर पलीकडे न्यावयाची तेथें, रबराचें एक काळें बूच बसविलेलें होतें. मिस्त्रीनें तें अंगठ्यानें ढकललें आणि तें टप्‌कन पलीकडे पडलें. "भोक आधीचंच हाय. कंपनीनंच ठेवलंय."

कारखान्याच्या दृष्टीनें ह्यांत नवल कांहींच नव्हतें. दोन्ही प्रकारच्या गाड्यांचा पत्रा एकाच सांच्यांतून निघतो. ज्या गाडीला क्लच नाहीं तिच्या भोंकांत बूच मारतात. पण अण्णांचा पाय बावीस वर्षें ज्या जागीं स्वस्थ बसला होता तिच्यावर वीतभर अंतरावर हें भोंक होतें, आणि ते गाडींत बसून गेले त्या प्रत्येक प्रवासांत त्यांच्यासमोर होतें. अण्णा बारीक नजरेचे. त्यांना तें दिसलें नसेल असें आम्हांला वाटत नाहीं. आम्हीं तें बूच खिशांत घातलें.

नवा आंकडा बसला. एका दांड्यावर दोन पेडलें, दोघांच्या बुडाशीं नव्या बुशा आणि ग्रीस. अरुंद ब्रेक मध्यें, क्लच डावीकडे. येथें एक घोंटाळा झाला. आणलेली क्लचची वायर पेडलाच्या वरच्या आंकड्यांत अडकवून, भोंकांतून पलीकडे काढून गिअरबॉक्सच्या दांडीपर्यंत ओढली, तर चार बोटें कमी पडली. कोणत्या तरी दुसऱ्या वर्षाच्या गाडीची ती होती. बदलून आणण्यांत दुपार गेली. दुसरी वायर मात्र सैलसर वळण घेऊन, तापणाऱ्या नळीपासून लांबून, अगदीं बरोबर पोंचली. आणखी एक लहान काम होतें तें आम्हांला ठाऊकच नव्हतें. स्वयंचलित गाडी तिची दांडी ठराविक जागीं असल्यावांचून सुरूच होत नाहीं. तशी तार तिच्यांत ओवलेली असते. ती जुनी दांडी गेल्यामुळें किल्ली फिरविली तरी गाडी मुकीच राहिली असती. मिस्त्रीनें त्या तारा क्लचच्या पेडलावर एक बटण बसवून त्याला जोडल्या. "आता किलच दाबल्याबिगर चालू व्हनार न्हाई," तो म्हणाला. म्हणजे जी गाडी डाव्या पायाला विचारीत नव्हती ती आतां त्याच्या परवानगीवांचून जागीहि होणार नव्हती.

आसन परत बसल्यावर मिस्त्रीनें विचारलें, "चालवनार कोण?" आम्ही म्हणालों, आम्हीच. "मग बसा. पाय तुमचा, मापबी तुमचंच." पेडल किती उंच असावें आणि त्याची मोकळी चाल किती असावी, हें एका लहान नटावर ठरतें. पेडलाला प्रारंभीं बोटभर फुकट चाल लागते. ती नसली तर बेअरिंग सतत घांसत राहतें आणि प्लेट पुरती धरत नाहीं. फार झाली तर प्लेट पुरती सुटत नाहीं आणि गिअर कुरकुरतो. तो एंजिनाकडून नट फिरवी आणि आम्ही आंतून दाबून सांगूं. दहाबारा वेळां असें झालें. शेवटीं त्यानें आंत डोकावून तळहातानें पेडल दाबून पाहिलें, हळूहळू सोडलें, आणि म्हणाला, "बास." जुन्या कार्पेटाच्या जागीं नवें घालूं कां, असें पोऱ्यानें विचारलें. नको म्हणून आम्हीं सांगितलें. नवें पेडल बरोबर त्या रुपयाएवढ्या भोंकावर लोंबत होतें.

त्या संध्याकाळीं आम्ही तें रुंद पेडल घेऊन वहिनींकडे गेलों, आणि जें दोन महिन्यांपूर्वीं सांगावयाचें राहिलें होतें तें सांगितलें. त्यांनीं पेडल मांडीवर घेतलें, रबराच्या झिजलेल्या बाजूवरून बोट फिरविलें, आणि कांहीं वेळ गप्प राहिल्या. मग एकदम हंसल्या.

"भावजी, तुम्हांला ठाऊक नाहीं. ८२ सालीं ह्यांनीं फियाट शिकायचा घाट घातला होता. मित्राची गाडी, तपोवनाच्या मैदानावर, तीन रविवार. घरांत कुणाला सांगायचें नाहीं म्हणून मला शपथ. मी झाडाखालीं डबा घेऊन बसायची. क्लच दाबायला काठी घेतली होती. काठीला डावा हात, आणि त्या गाडीचा गिअर सुकाणूच्या दांड्यावर, त्यालाहि डावाच हात. उजव्या हातांत सुकाणू. हे कागदावर आंकडे मांडून बसले. म्हणाले, गणित सुटत नाहीं, एक हात कमी पडतो."

"मग?"

"तिसऱ्या रविवारीं गाडी जी बंद पडली ती सुरूच होईना. मित्रानें आणि दोन पोरांनीं ढकलत रस्त्यापर्यंत आणली. सुकाणूवर हे. माझ्याजवळून जातांना ओरडून सांगितलें, ही मात्र झकास चालते, हिला क्लच लागत नाहीं!" वहिनींनीं डोळे पुसले. "सतरा वर्षें ह्यांनीं पुन्हा नांव काढलें नाहीं. आणि मग एके दिवशीं ही गाडी."

आम्ही ८२ सालीं त्याच घरांत होतों. शपथ फारच चांगली पाळली गेली होती.

पुढें पंधरा दिवस आमची फजिती चालली होती तिचें वर्णन करण्यांत हंशील नाहीं. दोन वर्षें स्वस्थ बसलेला पाय कामावर यावयास कुरकुर करतो. दाभोळकर कॉर्नरला गाडी बंद पडली, शाहूपुरींत पडली, आमच्याच फाटकांत तीन वेळां पडली. ब्रेकचा दिवा लागणारें बटण नव्या पेडलाला नीट जुळलें नव्हतें, त्यामुळें रात्रभर मागचे दिवे जळत राहून बॅटरी उतरली. शेजाऱ्यांनीं सकाळीं बातमी दिली. २०१४ पासून आपल्याकडे लहान गाड्यांतहि अशी सोय निघाली आहे कीं, क्लच आंत असतो, पण तो एक यंत्र दाबतें आणि पायाला त्रास पडत नाहीं. ती १९८२ सालीं निघाली असती तर तपोवनाच्या मैदानावरचें गणित सुटलें असतें, असा विचार त्या फजितींत आमच्या मनांत वारंवार येई.

फेरनोंदणी झाली. गणपतीनंतरच्या एका रविवारीं आम्ही वहिनींना घेऊन ज्योतिबाला निघालों. त्या संवयीनें डावीकडे बसल्या. आम्ही बसलों, दार लावलें, आणि त्या किंचित् वांकल्या. मग लक्षांत येऊन सरळ झाल्या आणि पदर सारखा करूं लागल्या. आम्हीं क्लच दाबून किल्ली फिरविली.

दाभोळकर कॉर्नरला तांबडा दिवा लागला. ह्या चौकांत पूर्वीं बंद पडल्याची आठवण ताजी असल्यामुळें आम्ही पहिला गिअर घालून, क्लच पुरता दाबून, तयारींतच उभे राहिलों. वहिनी बराच वेळ खालीं, पेडलावरच्या पायाकडे पाहत होत्या.

"असें किती वेळ दाबून धरायचें असतें?"

"दिवा हिरवा होईपर्यंत. न्यूट्रलमध्यें घातली तर मात्र सोडतां येतें."

"मग घाला कीं," वहिनी म्हणाल्या, "दमत असेल तो."

आम्हीं गिअर काढला आणि पाय खालीं, कार्पेटावर टेंकला.